चौरस तिरका ठेवला की पतंग का होतो?

पहिलीतल्या मुलासमोर कागदाचा चौरस कापून ठेवा आणि विचारा, हा कोणता आकार? उत्तर लगेच येतं: चौरस. आता तो कागद बोटाने फिरवून एका टोकावर उभा असल्यासारखा दिसेल असा करा आणि पुन्हा विचारा. बरीच मुलं म्हणतात, ‘आता पतंग झाला.’ अरे, पण कागद तोच आहे ना? ‘हो, पण आता चौरस नाही.’ सरळ केला की परत चौरस.

मोठ्यांना याचं हसू येतं, नाहीतर काळजी वाटते. मुलाचं लक्ष नव्हतं, नीट शिकवलं नाही, पाठांतर कच्चं आहे, असे निष्कर्ष निघतात. आणि त्याच मुलाच्या गणिताच्या तासाला कागदाच्या घड्या, पट्ट्यांच्या चौकटी, ठोकळे, दोऱ्या असलं काही चाललंय असं कळलं, की पालक आणखीच बुचकळ्यात पडतात. हस्तकलेचा तास वेगळा असतो ना? मग गणिताच्या तासाला ही कापाकापी कशाला?

या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे. मुलाला चौरसाचा पतंग का दिसतो हे एकदा कळलं, की घड्या-पट्ट्यांचं कारण आपोआप कळतं. आणि त्या घड्या-पट्ट्या कधी निव्वळ वेळकाढूपणा ठरतात, तेही कळतं.

## मुलाला नेमकं काय दिसतं?

ओळखीचा माणूस आपण कसा ओळखतो? नाकाची लांबी आणि दोन डोळ्यांतलं अंतर मोजून नाही. अख्खा चेहरा एकदम ओळखतो. म्हणून तर फोटो उलटा धरला, की रोजच्या बघण्यातला चेहराही पटकन लक्षात येत नाही. लहान मूल आकार असेच ओळखतं. चौरसाला चार बाजू आहेत, त्या सारख्या आहेत, चारही कोपरे सारखे आहेत, हा हिशोब त्याच्या डोक्यात नसतोच. चौरस त्याला चौरसासारखा दिसतो म्हणून तो चौरस. तिरका केला की चेहरा बदलला, नाव बदललं. त्याच्या बाजूने पाहिलं तर यात काहीच चुकीचं नाही.

हे पद्धतशीरपणे मांडलं ते नेदरलँड्समधल्या एका शिक्षक दांपत्याने. पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ हे दोघंही शाळेत गणित शिकवत. आपण इतकं स्पष्ट सांगूनही मुलांना भूमिती का कळत नाही, या रोजच्या वैतागातून त्यांचं संशोधन उभं राहिलं आणि १९५७ साली उट्रेख्त विद्यापीठात दोघांनी आपापले प्रबंध सादर केले. दिना यांचं त्यानंतर थोड्याच काळात निधन झालं. पुढची मांडणी पिएर यांनी केली.

त्यांचं म्हणणं असं, की भूमितीतला विचार पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. त्यांनी एकूण पाच पायऱ्या सांगितल्या. प्राथमिक शाळेशी संबंध येतो तो पहिल्या तीनचा. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसता दिसण्यावरून ओळखतं. दुसऱ्या पायरीवर त्याला आकाराचे गुणधर्म दिसू लागतात. गुणधर्म म्हणजे आकार फिरवला, उलटवला, लहान-मोठा काढला तरी जे बदलत नाही ते: बाजू किती, त्या सारख्या आहेत का, कोपरे कसे आहेत. तिसऱ्या पायरीवर या गुणधर्मांचं आपसातलं नातं कळतं. चारही कोपरे सारखे असतील तर समोरासमोरच्या बाजू सारख्या येणारच, अशा प्रकारचं.

यातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या पायऱ्या वय वाढलं म्हणून आपोआप चढल्या जात नाहीत. ठरावीक प्रकारचा अनुभव मिळाला तर चढल्या जातात, नाही मिळाला तर दहावीतला मुलगाही पहिल्या पायरीवर असू शकतो. सिद्धता पाठ करून तो पास होतो ही गोष्ट वेगळी. आणि शिक्षक तिसऱ्या पायरीवरून बोलत असेल, मूल पहिल्या पायरीवर उभं असेल, तर दोघांचं संभाषण होतच नाही. मूल मान डोलावतं आणि ओळी पाठ करतं.

## चुकीचा त्रिकोण आपणच शिकवतो

साहित्याकडे वळण्याआधी एक तक्रार. लहान मुलांची आकारांची पुस्तकं, भिंतीवरचे तक्ते, लाकडी कोडी उघडून पाहा. त्रिकोण जवळजवळ नेहमी एकच असतो: तिन्ही बाजू सारख्या, पाया खाली सपाट, टोक वर. आयत नेहमी आडवा, रुंदीपेक्षा साधारण दुप्पट लांब. वर्षानुवर्षं एकच चेहरा दाखवल्यावर मूल दुसरं काय शिकणार?

अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या आकारांतून वर्तुळं, चौरस, त्रिकोण निवडायला सांगितले होते. वर्तुळ ओळखण्यात मुलं पटाईत निघाली, नव्वद टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर. त्रिकोणात मात्र साधारण ६० टक्के. वर्तुळाला एकच चेहरा असतो, त्रिकोणाला अगणित. लांबलचक बारीक त्रिकोण, एकाच बाजूला कललेला त्रिकोण, टोक खाली असलेला त्रिकोण लहान मुलं हमखास बाजूला ठेवतात. उलट, बाजू थोड्या फुगीर असलेला पण ‘नीट उभा’ आकार मात्र त्रिकोणात घेतात.

त्यामुळे पहिला उपाय कात्री-कागदाचाही नाही, उदाहरणांचा आहे. पुठ्ठ्यातून पंधरा-वीस तुकडे कापा. त्यात चपटा त्रिकोण हवा, सुईसारखा बारीक हवा, काटकोनाचा हवा. आणि तितकेच महत्त्वाचे, त्रिकोण नसलेले पण त्रिकोणाची नक्कल करणारे तुकडे हवेत: एक बाजू वाकडी असलेला, टोक गोलसर कापलेला, वरचं टोक छाटल्यामुळे गुपचूप चार बाजूंचा झालेला. दोन ढीग करायला सांगा, ‘त्रिकोण’ आणि ‘त्रिकोण नाही’. मग प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न: हा या ढिगात का?

सुरुवातीची उत्तरं ‘कारण तो तसा दिसतो’ अशीच येतात. वाद सुरू होतो तो टोक छाटलेल्या तुकड्यावर. कुणीतरी बोट फिरवून मोजतं, ‘एक, दोन, तीन… इथे छोटीशी चौथी आहे!’ त्या मोजणाऱ्या बोटाने पहिली पायरी सोडलेली असते.

## हातात आल्यावर काय बदलतं?

‘करून पाहिलं की कळतं’ हे आपण सगळेच म्हणतो, पण का कळतं हे फारसं कुणी सांगत नाही. डोळ्याला आकार एकदम दिसतो. हाताला तो तुकड्यातुकड्याने कळतो. आधी एक कड, मग टोचणारा कोपरा, मग पुढची कड. म्हणजे हात नाइलाजाने तेच करतो जे दुसऱ्या पायरीवर डोक्याने करायचं असतं: आकार सुटा करून भागांनी पाहणं.

म्हणूनच पिशवीतला खेळ इतका कामाचा आहे. कापडी पिशवीत चार-पाच पुठ्ठ्याचे आकार घालायचे. मुलाने न बघता एक चाचपायचा आणि नाव न घेता त्याचं वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचा. नाव घ्यायला बंदी असल्यामुळे ‘तीन टोकं आहेत, एक खूप टोकदार आहे, एक बाजू बाकीच्यांपेक्षा लांब आहे’ असंच बोलावं लागतं. जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर या स्विस मानसशास्त्रज्ञांनी पडद्याआड आकार चाचपायला देऊन मुलं ते कसे ओळखतात हे तपासलं होतं आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे बरेच आक्षेप आले. पण एक निरीक्षण आजही कुठल्याही वर्गात पाहायला मिळतं: लहान मूल वस्तू नुसती मुठीत धरतं, मोठं मूल कडेकडेने बोट फिरवत जातं आणि एका ठरलेल्या कोपऱ्यापाशी परत येतं.

आता पट्ट्यांची चौकट. पुठ्ठ्याच्या सारख्या लांबीच्या चार पट्ट्या घ्या, टोकांना भोकं पाडा आणि पिनेने सैलसर जोडा. चौरस तयार झाला. तो मुलाच्या हातात गेला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

‘बाई, हा हलतो!’

‘हलू दे. हळूच दाब. काय बदललं?’

‘आडवा झाला. वाकडा.’

‘पट्ट्या लहान-मोठ्या झाल्या का?’

‘नाही, त्याच आहेत.’

‘मग बदललं काय?’

इथे थोडा वेळ जातो, आणि तो जाऊ द्यायचा असतो. मूल चौकट सरळ करतं, पुन्हा दाबतं, पुन्हा सरळ करतं. मग बोट कोपऱ्यावर जातं. ‘हे! इथे बारीक झालं आणि इथे मोठं झालं.’

चार बाजू सारख्या असणं पुरेसं नाही, कोपऱ्यांचंही काहीतरी म्हणणं आहे, हे त्याने आता स्वतः शोधलेलं असतं. चौरस आणि समभुज चौकोन यांतला फरक इतकाच तर आहे. लगेच तीन पट्ट्यांची चौकट हातात द्या. ती कशीही दाबा, ढिम्म हलत नाही. चारच्या चौकटीत एक पट्टी तिरकी, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत लावली की तीही गप्प बसते, कारण तिचे आता दोन त्रिकोण झालेले असतात. लोखंडी पूल आणि उंच मनोरे यांत तिरक्या पट्ट्या का असतात, याचं उत्तर तासाच्या शेवटी मुलंच देतात.

## कोन: सगळ्यात फसवा भाग

मुलांना कोन कळत नाही याचं कारण आपण तो वहीत काढून दाखवतो. वहीत दोन रेषा दिसतात, आणि ज्याच्या रेषा लांब तो कोन मोठा असं मूल धरून चालतं. चौथी-पाचवीतही हा समज टिकून असतो. ‘रेषा कितीही लांब काढ, कोन तेवढाच’ असं दहा वेळा सांगून तो जात नाही. कारण कोन म्हणजे किती वळलं याचं माप आहे, आणि वहीतल्या चित्रात वळणं दिसतच नाही.

म्हणून आधी अंगाने वळायचं. हात समोर ताठ करून उभं राहायचं, पूर्ण गिरकी, अर्धी गिरकी, पाव गिरकी. मग एका टोकाला जोडलेल्या दोन लांब पट्ट्या आणि दोन आखूड पट्ट्या शेजारी ठेवून दोन्ही सारख्याच उघडायच्या. एक जोडी दुसरीवर ठेवून पाहिली की उघडणं तंतोतंत जुळतं, लांबी काहीही असो.

काटकोन, म्हणजे पाव गिरकी, यासाठी तर कसलंच उपकरण लागत नाही. कागदाचा वेडावाकडा फाडलेला तुकडा घ्या; एकही कड सरळ नसेल तर उत्तमच. कुठेही एक घडी घाला. एक सरळ कड मिळाली. आता त्या सरळ कडेचा एक भाग तिच्याच उरलेल्या भागावर बरोबर बसेल अशी दुसरी घडी घाला. घडीच्या टोकाशी जो कोपरा तयार झाला तो काटकोन. सरळ कडेवर अर्धी गिरकी, म्हणजे १८० अंश होते. त्यांचे दोन सारखे भाग झाले, ९० आणि ९०. घडी उलगडली की मधोमध चार काटकोन दिसतात. फाटक्या, ओबडधोबड कागदातून इतका नेमका कोपरा निघतो याचं मुलांना खरंच आश्चर्य वाटतं. गुण्यातला काटकोन कारखान्यातून येतो, हा त्यांनी स्वतः केलेला असतो. मग तो ‘काटकोन-तपासनीस’ घेऊन मुलं वर्गभर फिरतात. दाराचा कोपरा, पुस्तकाचा कोपरा, फळ्याचा कोपरा, खिडकीचा कोपरा. कुठे काटकोनापेक्षा कमी, कुठे जास्त. लघुकोन आणि विशालकोन हे शब्द त्यानंतर द्यावेत. तोवर त्यांची गरज निर्माण झालेली असते.

## हे हल्लीचंच खूळ आहे का?

नाही. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी आपली संस्था सुरू केली, जिच्यातून पुढे बालवाडीची कल्पना जगभर गेली. त्याआधी त्यांनी स्फटिकांच्या संग्रहालयात काम केलं होतं. मुलांना ते जे साहित्य देत त्यात लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती म्हणजे डब्यासारखा लांबट गोल ठोकळा असे. हे दोऱ्याला टांगून गरगर फिरवायचे: घन एका टोकाने टांगून, कडेने टांगून, वेगवेगळा फिरवला की फिरताना त्याच्यात वेगळेच आकार दिसतात. पुढच्या साहित्यात एक घन आठ लहान घनांत सुटा होई. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ पासून रोममध्ये चालवलेल्या बालगृहात खाचेत बसणारे भौमितिक आकार होते आणि त्यांच्या कडेवरून बोट फिरवण्याला खास महत्त्व होतं. म्हणजे कल्पना पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. नवीन आहे ती तिची मोजदाद.

## मग ठोकळे दिले की झालं?

इथे बहुतेक शाळा आणि बहुतेक पालक चुकतात. महागडा संच आणायचा, मुलांसमोर ओतायचा, फोटो काढायचे, ‘कृतीतून शिक्षण’ असं लिहायचं. मुलं मजेत असतात. भूमिती मात्र शिकत असतातच असं नाही.

अमेरिकेतला २०१३ चा एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. चार-पाच वर्षांच्या ७० मुलांचे तीन गट केले. एका गटाला मोठ्या माणसाने आकारांचे गुणधर्म सांगितले, मुलं ऐकत होती. दुसऱ्या गटाला तेच साहित्य खेळायला दिलं, हवं तसं. तिसऱ्या गटात खेळ मुलांचाच होता, पण मोठा माणूस सोबत बसून प्रश्न विचारत होता: या सगळ्यांत सारखं काय आहे, बाजू मोज बरं, हा पण त्रिकोण असू शकतो का? आठवडाभरानंतरही वेडेवाकडे, न पाहिलेले आकार ओळखण्यात तिसरा गट सगळ्यांत पुढे होता. नुसत्या मोकळ्या खेळाने आकारांच्या गुणधर्मांचं ज्ञान फारसं हललं नव्हतं.

त्याच वर्षी ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावाही प्रसिद्ध झाला. गणितात हाताळायच्या वस्तू वापरल्याने एकंदर फायदा होतो, पण तो सगळीकडे सारखा होत नाही. शिकवणाऱ्याची सोबत किती, वस्तू कशी, यावर बराच अवलंबून असतो. वस्तू फार आकर्षक असेल तर मूल वस्तूतच रमतं. डोळे-नाक काढलेला रंगीत त्रिकोण मुलाच्या दृष्टीने त्रिकोण नसतो, बाहुला असतो. साध्या पुठ्ठ्याचा, एकाच रंगाचा तुकडा म्हणून अनेकदा जास्त शिकवतो.

तेव्हा साहित्याच्या यादीपेक्षा प्रश्नांची यादी महत्त्वाची. ‘याचं नाव काय?’ हा सगळ्यांत निकामी प्रश्न, कारण तो पहिल्या पायरीवरच थांबतो. ‘याला आणि त्याला एकाच ढिगात का ठेवलंस?’ चांगला. ‘काय बदललं आणि काय तसंच राहिलं?’ फार चांगला. ‘चौकटीतली एक पट्टी काढली तर काय होईल? काढायच्या आधी सांग.’ हा माझा सगळ्यांत आवडता, कारण यात मुलाला हात लावण्यापूर्वी डोक्यात आकार हलवून पाहावा लागतो आणि मग हात ते खरं-खोटं ठरवतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी करून मग बोललं, तर कृती बहुधा कृतीच राहते.

## चौरस हा आयतच असतो, हे पहिलीतच सांगायचं का?

घाई नको. चारही कोपरे काटकोनी असलेला चौकोन म्हणजे आयत. चौरसाचे कोपरे तसेच असतात, म्हणून चौरस हा एक खास आयत. मोठ्यांना हे तर्काने पटतं. चेहऱ्यावरून आकार ओळखणाऱ्या मुलाला ते ऐकून फक्त गोंधळ होतो. हे वाक्य तिसऱ्या पायरीचं आहे.

पण ‘चौरस आयत नसतो’ असं मात्र चुकूनही सांगू नये. नंतर ते पुसायला फार त्रास होतो. प्रश्न निघालाच तर घडीचा काटकोन हातात द्यावा आणि म्हणावं, आयताचे चारही कोपरे तपास, मग चौरसाचे तपास. दोघंही पास होतात. तेवढ्यावर सोडून द्यायचं. निष्कर्ष वर्ष-दोन वर्षांनी त्याचा तो काढेल.

## परीक्षेत व्याख्या आणि सूत्रं विचारतात, त्याचं काय?

विचारतात, आणि ती यायलाच हवीत. वाद क्रमाचा आहे. दोन ढीग करून, भांडून, मोजून झाल्यावर ‘तीन सरळ बाजूंनी बंद झालेली आकृती म्हणजे त्रिकोण’ हे वाक्य सांगितलं, तर त्यातला प्रत्येक शब्द मुलाच्या ओळखीचा असतो. ‘सरळ’ का म्हटलंय? फुगीर बाजूचा तुकडा बाद करायला. ‘बंद’ का? एक कोपरा उघडा होता त्याच्यासाठी. अशी व्याख्या पाठ करावी लागत नाही.

सूत्रांचं तर विचारूच नका. परिमिती म्हणजे भोवतालची कड, क्षेत्रफळ म्हणजे आतली जागा. या दोन्हींची सूत्रं एकाच आठवड्यात फळ्यावर आली की निम्मा वर्ग कायमचा गोंधळतो. त्यापेक्षा २४ सेंटीमीटर दोऱ्याची गाठ मारून कडी करा आणि एक सेंटीमीटरच्या चौकटी असलेल्या कागदावर तिचे वेगवेगळे आयत करायला सांगा. दोरा तोच, म्हणजे परिमिती तीच. आत चौकटी किती बसतात ते मोजा. ११ लांब आणि १ रुंद केला तर ११ चौकटी. १० आणि २ केला तर २०. पुढे २७, ३२, ३५. आणि ६ बाय ६ चा चौरस केला तर ३६. तेवढ्याच दोऱ्यात तिपटीहून जास्त जागा! ज्या मुलाने या चौकटी स्वतः मोजल्यात, ते परिमिती आणि क्षेत्रफळ यांची अदलाबदल सहसा करत नाही. शिवाय चौकटी एकेक मोजायचा कंटाळा येऊन ‘एका ओळीत सहा, अशा सहा ओळी’ असं कुणीतरी म्हणतंच. लांबी गुणिले रुंदी हे सूत्र तिथेच जन्माला येतं.

## मोबाइलवर हेच करता येत नाही का?

काही गोष्टी पडद्यावर जास्त चांगल्या होतात. त्रिकोणाचं एक टोक बोटाने ओढत नेलं की तो बारीक, रुंद, कललेला होत जातो आणि तरी त्रिकोणच राहतो. असं पुठ्ठ्याला जमत नाही. तिसरी-चौथीपासून हे जरूर दाखवावं. पण पडदा बरीच कामं मुलाच्या वतीने स्वतःच करून टाकतो. तुकडा जवळ नेला की टचकन जागेवर बसतो, फिरवायचं बटण दाबलं की नेमका ९० अंशांत फिरतो. कागदाची घडी वाकडी पडली तर ती वाकडीच राहते, आणि कुठे चुकलं हे शोधावं लागतं. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ते शोधणंच मोलाचं आहे. ठोस वस्तूंच्या, म्हणजे घन, शंकू, गोल यांच्या बाबतीत तर पडदा फारच तोकडा. मागची बाजू हाताला लागतच नाही.

## एवढ्या मोठ्या वर्गात हे कसं जमायचं?

चार-पाच मुलांत एक संच, एक प्रश्न, दहा मिनिटं. रोज करायची गरज नाही. घड्यांना तर एकेक कागद पुरतो. गोंधळ होतो, हे खरं. पण दुरुस्तीत जाणारा वेळ वाचतो: चौथीत कोन पुन्हा, पाचवीत पुन्हा, सातवीत पुन्हा पहिल्यापासून, असं जे चालतं त्यात किती तास जातात याचा हिशोब कुणी मांडत नाही.

## याने सगळंच गणित सुधारतं का?

असे दावे जाहिरातींत बरेच दिसतात, म्हणून थोडं थांबू. आकार डोक्यात फिरवून पाहण्याची क्षमता सरावाने वाढते, याला चांगला आधार आहे. २०१३ साली २१७ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात ती सुधारते आणि सुधारणा काही काळ टिकते असं दिसलं. पण त्यामुळे बेरीज-वजाबाकीही सुधारते का? २०१४ च्या एका अभ्यासात सहा ते आठ वर्षांच्या मुलांना अशा सरावाचं फक्त ४० मिनिटांचं एक सत्र दिल्यावर रिकाम्या चौकटीत संख्या भरायची उदाहरणं जास्त बरोबर आली. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात कित्येक आठवडे सराव देऊनही गणितात तसा फायदा दिसला नाही. माझ्या मते भूमिती भूमितीसाठीच शिकवावी. बुद्ध्यंक वाढवणारं औषध म्हणून ती विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

## साहित्य कधी बाजूला ठेवायचं?

मूल वस्तूला हात न लावता बरोबर अंदाज सांगू लागलं की. हे तपासायला पेट्यांचा खेळ चांगला. पेटी कडेकडेने कापून सपाट पसरली की जो आकार मिळतो त्याला घडणी म्हणतात. आधी पाच चौरस एकमेकांना पूर्ण बाजूने चिकटवून जितके वेगवेगळे आकार होतात तितके काढायचे. फिरवलेला किंवा उलटवलेला आकार वेगळा धरायचा नाही. असे १२ मिळतात. त्यांतल्या कशाकशाची झाकण नसलेली पेटी होईल, ते घडी न घालता वहीत लिहायचं. मग कापून, दुमडून बघायचं. पेटी आठांचीच होते. सुरुवातीला मुलांचे अंदाज सपशेल चुकतात. अधिक चिन्हासारखा आकार लगेच जमतो, नागमोडी आकार फसवतात. तीन-चार खेपांनंतर काही मुलं कात्री उचलायची बंद होतात आणि हवेत बोटाने दुमडून सांगतात, ‘हा तळ, ही बाजू वर, ही तिच्यावरच येईल, म्हणजे नाही होणार.’ त्यांना कागद देणं आता थांबवावं. बाकीच्यांना देत राहावं.

पुढची पायरी पूर्ण घनाची. सहा चौरस असे जोडले तर ३५ वेगवेगळे आकार होतात आणि त्यांतल्या ११ चाच घन बनतो. सगळे ३५ शोधायला लावू नयेत, मुलं कंटाळतात. ११ मधले जमतील तितके शोधू द्यावेत, शोधलेले भिंतीवर चिकटवावेत आणि नवीन कुणी आणला की तो आधीच लावलेल्यांपैकीच एखादा उलटवलेला तर नाही ना, हे मुलांनाच तपासायला सांगावं. यासाठी वेगळं काही आणायला नको, चौकटीच्या वहीची पानं चालतात.